सोळा हजार पौंडांचा खेळ

इंग्लंडमधल्या सरकारी प्राथमिक शाळांना खेळासाठी वेगळा पैसा मिळतो आणि त्याचे सूत्र दोन ओळींत सांगता येते. पहिली ते सहावीच्या पटावर 17 किंवा त्याहून जास्त मुले असतील, तर शाळेला वर्षाला 16,000 पौंड आणि शिवाय मुलामागे 10 पौंड. पट 16 किंवा त्याहून कमी असेल, तर मुलामागे 1,000 पौंड. या निधीला तिथे ‘पीई अँड स्पोर्ट प्रीमियम’ म्हणतात. आपण सोयीसाठी क्रीडा निधी म्हणू. प्रत्येक इयत्तेला तीस मुलांची एकच तुकडी असलेली शाळा घेतली, तर सहा वर्गांची 180 मुले होतात आणि शाळेच्या वाट्याला 17,800 पौंड येतात. आजच्या दराने ही रक्कम वीस लाख रुपयांच्या आसपास जाते. ऐकायला ती मोठी वाटते, पण तिथे नव्याने लागलेल्या एका शिक्षकाचा वर्षाचा पगारही तिच्यातून निघत नाही. अशा या मधल्याच आकाराच्या पैशाचे शाळा काय करते, हे पाहण्यासारखे आहे. मुख्याध्यापकाची हौस, पालकांचा आग्रह, गावात क्रिकेट चालते की फुटबॉल, अशा गोष्टींवर ते ठरत असेल असे वाटते. माझे म्हणणे वेगळे आहे. पैसा कोणत्या रीतीने येतो, किती मुदतीचा असतो आणि त्याच्या मागोमाग कोणता कागद भरावा लागतो, यावरच तो कशावर जाणार हे बहुतांशी ठरून जाते.

या निधीचा जन्मच एका मोडतोडीतून झाला. 2010 च्या आधी इंग्लंडमध्ये शाळांच्या ‘क्रीडा भागीदारी’चे जाळे होते. परिसरातली एखादी माध्यमिक शाळा केंद्रस्थानी असे. तिथले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक ठरावीक वेळ मोकळे केले जात आणि ते आसपासच्या प्राथमिक शाळांत जाऊन शिक्षकांना मदत करत, आंतरशालेय स्पर्धा लावत. त्यासाठी वर्षाला 16.2 कोटी पौंडांची राखीव तरतूद होती. ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी ती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. खेळाडू, शिक्षक आणि विद्यार्थी सगळ्यांकडून ओरड झाली, तेव्हा सरकारने थोडी माघार घेऊन 2013 च्या उन्हाळ्यापर्यंत पुरेल अशी 6.5 कोटींची तरतूद ठेवली. मध्येच 2012 चे लंडन ऑलिंपिक झाले. नवी पिढी खेळाकडे वळवण्याच्या घोषणा झाल्या आणि त्या घोषणांच्या मागे पैसा कुठे आहे, असा प्रश्न उभा राहिला. मार्च 2013 मध्ये उत्तर आले: वर्षाला 15 कोटी पौंड, शिक्षण, आरोग्य आणि संस्कृती-क्रीडा या तीन खात्यांनी मिळून द्यायचे आणि तेही थेट मुख्याध्यापकांच्या हाती. पुढे 2016 च्या अर्थसंकल्पात साखरयुक्त शीतपेयांवर कर लावण्याची घोषणा झाली आणि त्या कराच्या जोरावर 2017-18 पासून निधी दुप्पट होऊन 32 कोटींवर गेला. कर प्रत्यक्ष लागू झाला एप्रिल 2018 मध्ये. तोवर कंपन्यांनी पेयांतली साखर कमी करून टाकली होती, त्यामुळे पहिल्या वर्षी 52 कोटी मिळतील या मूळ अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी पैसा आला. कर म्हणून तो फसला, आरोग्याचा उपाय म्हणून यशस्वी झाला. शाळांचा निधी मात्र तेवढाच राहिला, आणि पुढची अनेक वर्षे महागाई वाढत असतानाही सूत्रातले 16,000 आणि 10 हे आकडे हलले नाहीत.

पैसा थेट शाळेकडे देण्याचा निर्णय दिसायला उदार होता. वरच्या कार्यालयातून हुकूम सोडण्यापेक्षा मुख्याध्यापकाला आपल्या शाळेची नस ठाऊक असते, हा विचार चुकीचाही नाही. पण जाळे मोडून पैसा वाटला की प्रत्येक शाळा आपापल्या थैलीसह एकटी पडते. एकट्या शाळेला बाजारातून जे विकत घेता येते तेच ती घेते, आणि शिक्षक घडवण्याचे काम बाजारात सहज मिळत नाही.

निधीचे नियम वाचले तर गंमत अशी की ते शाळेला योग्य दिशेनेच ढकलतात. पैशातून होणारी सुधारणा ‘जादाची’ आणि ‘टिकाऊ’ असली पाहिजे, अशी मुख्य अट आहे. अभ्यासक्रमाने जेवढे शिकवणे बंधनकारकच आहे, तेवढ्यासाठी हा पैसा वापरायचा नाही. बांधकाम किंवा अन्य भांडवली खर्च करायचा नाही. वर्गशिक्षकाला तयारीसाठी मिळणाऱ्या मोकळ्या तासिका भरून काढायला प्रशिक्षक नेमायचा नाही. आता या अटी एकमेकींशेजारी ठेवून पाहा. टिकाऊ काहीतरी करायचे आहे, पण भिंत, छप्पर, मैदान यांतले काही उभारायचे नाही. चेंडू आणि जाळ्या दोन-तीन वर्षांत झिजतात. मग शाळेत टिकण्यासारखे उरते काय? शिक्षकाचे कसब. सरकारने प्रगती मोजण्यासाठी जे पाच निकष दिले, त्यांतही शिक्षकांचा आत्मविश्वास, ज्ञान आणि कौशल्य वाढवणे हा होताच. सर्व मुलांची नियमित हालचाल, शाळेत खेळाला मिळणारे स्थान, खेळांची विविधता आणि स्पर्धांतला सहभाग हे बाकीचे चार. हे चारही शेवटी वर्गशिक्षकावरच येऊन टेकतात, कारण प्राथमिक शाळेत मुलांबरोबर पाचही दिवस असतो तो तोच. आणि त्याची स्वतःची तयारी कच्ची असते. प्राथमिक शिक्षकाच्या एका वर्षाच्या पदव्युत्तर प्रशिक्षणात शारीरिक शिक्षणाच्या वाट्याला कित्येकदा मोजके तासच येतात. भाषा आणि गणित शिकवण्याच्या तयारीने आलेला माणूस पावसाळी दुपारी तीस मुलांना घेऊन हॉलमध्ये उभा राहतो तेव्हा त्याला घाम फुटतो, यात त्याचा दोष नाही.

तरीही प्रत्यक्षात पैशाचा मोठा ओघ गेला तो कंत्राटी प्रशिक्षकांकडे. तपासनिसांनी आणि संशोधकांनी यावर वारंवार बोट ठेवले आहे. हे का झाले, याचे मूळ 2005 मधल्या एका वेगळ्याच आणि अगदी न्याय्य सुधारणेत आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून इंग्लंडमधल्या शिक्षकांना शिकवण्याच्या वेळेतला किमान दहा टक्के वेळ पाठांची तयारी आणि मूल्यमापनासाठी मोकळा मिळू लागला. म्हणजे आठवड्यातली साधारण अर्धा दिवस भरेल एवढी वेळ वर्ग दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवायचा. सोपवायला सगळ्यात सोयीचा विषय कोणता? ज्याची वह्या तपासण्याची कटकट नाही, ज्याची राष्ट्रीय चाचणी नाही आणि ज्यासाठी ट्रॅकसूट घातलेला उत्साही तरुण लगेच मिळतो, तो. या गरजेवर प्रशिक्षण कंपन्यांचा धंदा उभा राहिला होता. 2013 नंतर खेळाच्या नावाचा पैसा आला तेव्हा वाट आधीच पडलेली होती. त्यासाठी निधी वापरू नका असे नियम सांगत राहिले, पण प्रशिक्षक वर्गावर आला की शिक्षक शेजारी उभा राहून शिकतो आहे की आत बसून वह्या तपासतो आहे, हे कागदावरून कळत नाही.

हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. एका दुपारचे 110 पौंड घेणारा प्रशिक्षक आठवड्यातून चार दुपारी आला आणि शाळेचे 38 आठवडे भरले, तर खर्च 16,720 पौंड होतो. आपल्या 180 मुलांच्या शाळेकडे उरतात 1,080. त्यात चेंडू, दोन संघ ओळखू यावेत म्हणून घालायचे रंगीत बिब आणि स्पर्धेला जायची बस. वर्ष संपते, करार संपतो, आणि शाळेतल्या सहा शिक्षकांना गेल्या सप्टेंबरला जेवढे येत होते तेवढेच येते. आता दुसरा मार्ग. एका जाणत्या मार्गदर्शकाला प्रत्येक शिक्षकाबरोबर सहा आठवडे, आठवड्याला एक दुपार, असे ठेवायचे. पहिले दोन आठवडे मार्गदर्शक शिकवतो आणि शिक्षक बघतो, मधले दोन आठवडे दोघे मिळून शिकवतात, शेवटचे दोन आठवडे शिक्षक शिकवतो आणि मार्गदर्शक बाजूला उभा राहून टिपणे काढतो. सहा शिक्षकांच्या 36 दुपारी झाल्या, म्हणजे जेमतेम आठवड्याला एक. मार्गदर्शकाला प्रशिक्षकाच्या दुप्पट मानधन दिले तरी खर्च 7,920 पौंड. निम्म्याहून कमी पैशांत दुसऱ्या वर्षीही शाळेत राहील असे काहीतरी हाती लागते.

इतके सरळ असेल तर शाळा ते का करत नाहीत? याचे उत्तर वेळापत्रकात आहे. निधी पुष्कळदा वर्षा-वर्षाने मंजूर होत आला. जुलै 2020 मध्ये, म्हणजे शैक्षणिक वर्ष संपत आले असताना, सप्टेंबरपासूनच्या वर्षासाठी निधी चालू राहील हे शाळांना कळले. पैसे दोन हप्त्यांत येतात, बारापैकी सात हिस्से शरद ऋतूत आणि पाच हिस्से वसंतात. आणि वर्षात न खर्चलेला पैसा परत जातो. कोविडच्या काळात पुढे नेण्याची सवलत मिळाली, तो अपवाद. आता मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून विचार करा. पुढच्या वर्षाची खात्री नाही म्हणून कायमचा माणूस नेमता येत नाही. दोन-तीन वर्षांची प्रशिक्षणाची योजना आखली तर अर्ध्यावर अडकण्याचे भय. काटकसरीने निम्म्या पैशांत काम भागवले तर बक्षीस मिळत नाही, उरलेले निम्मे सरकारजमा होतात. सत्रापुरता करार करता येतो, कधीही थांबवता येतो, बिल दर महिन्याला येते आणि रक्कम बरोबर संपते, अशी एकच गोष्ट त्याच्यासमोर असते. ती म्हणजे कंत्राटी प्रशिक्षक. मुख्याध्यापक आळशी किंवा अडाणी नसतो, त्याला मिळालेल्या पैशाच्या जातीला शोभेल असाच खर्च तो करतो. मार्च 2023 मध्ये, आदल्या वर्षी युरोपीय अजिंक्यपद जिंकलेल्या इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने लावलेल्या रेट्यानंतर, सरकारने दोन वर्षांसाठी मिळून 60 कोटी पौंडांहून अधिक रक्कम एकदम जाहीर केली. त्या खेळाडूंनी मुख्यतः मुलींना शाळेत फुटबॉल खेळायला मिळावा आणि आठवड्याला किमान दोन तास शारीरिक शिक्षण व्हावे, अशी मागणी केली होती. माझ्या मते या घोषणेत रकमेपेक्षा ‘दोन वर्षे’ हे शब्द जास्त मोलाचे होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो तज्ज्ञतेचा. ज्याला खेळ येतो त्याने शिकवावा. गणिताच्या शिक्षकाला फुटबॉल शिकवायला लावून मुलांचे नुकसान का करायचे? माध्यमिक शाळेसाठी हा मुद्दा बिनतोड आहे. सहा वर्षांच्या मुलाला मात्र फुटबॉल शिकायचा नसतो. त्याला धावता-धावता थांबायला, एका पायावर तोल सांभाळायला, येणाऱ्या वस्तूवर डोळा ठेवून ती झेलायला शिकायचे असते. झेल शिकवण्याचा एक तास जवळून पाहा. तीस मुले, तीन रांगा, तीन चेंडू. पुढचा मुलगा झेलतो, फेकतो आणि रांगेच्या शेवटी जातो. पुन्हा त्याची पाळी येईपर्यंत नऊ जण व्हायचे असतात. प्रत्येकाला दहा सेकंद धरले तरी प्रत्येक खेपेला दीड मिनिट तो उभाच. अर्ध्या तासात त्याच्या वाट्याला अठरा-वीस झेल येतात आणि त्यांतले ज्याला जमत नाही त्याचे सगळ्यांच्या देखत सुटतात. तोच तास पंधरा जोड्या आणि पंधरा कापडी गोट्यांवर घ्या. ज्वारी किंवा वाटाणे भरलेली हाताच्या पंजाएवढी पिशवी घरंगळत नाही, लागत नाही, घाबरवत नाही. एक मूल पाच मिनिटांत अठरा-वीस झेल घेऊन मोकळे होते. ज्या जोडीला जमते तिने एक पाऊल मागे सरकायचे, जिला जमत नाही तिने जवळ यायचे. यात खेळाडूची तज्ज्ञता कुठे लागली? लागली ती वर्गाची ओळख: कोण कुणाबरोबर जोडीत बुजते, कुणाचा चष्मा नवा आहे, कोण जमत नसले की दंगा करून ते झाकतो. ही ओळख आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाकडे असूच शकत नाही. त्यातही गुणी प्रशिक्षक पुष्कळ असतात, मुले त्यांच्यावर जीव टाकतात, आणि वर्गशिक्षक शेजारी असेल तर त्यांच्याकडून शिकण्यासारखेही खूप असते. माझा विरोध त्यांच्या येण्याला नाही, शिक्षकाच्या निघून जाण्याला आहे.

पोहण्याची बाब मात्र खरोखर वेगळी आहे आणि तिथे आक्षेप मान्य केला पाहिजे. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात पोहणे सक्तीचे आहे. प्राथमिक शाळा सोडताना मुलाला किमान 25 मीटर आत्मविश्वासाने पोहता यावे, वेगवेगळे हात मारता यावेत आणि पाण्यात स्वतःचा जीव वाचवता यावा, अशी अपेक्षा असते. हे काम वर्गशिक्षकाच्या हौसेवर सोडता येत नाही. तलाव भाड्याने घ्यावा लागतो, प्रमाणित माणूस लागतो, बस लागते. नेमून दिलेले धडे संपल्यावरही जे मूल मागे राहिले, त्याच्या जादा धड्यांसाठी क्रीडा निधी वापरायला परवानगी आहे, आणि माझ्या मते इतक्या निःसंशय उपयोगाचा दुसरा खर्च या निधीत नाही. ज्या घरांत आई-वडील मुलाला रविवारी तलावावर नेऊ शकत नाहीत, तीच मुले मागे राहतात. तिथे पौंड थेट गरजेच्या जागी पडतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि मला तो पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. शिक्षक शाळा सोडून जातात. ज्याच्यावर दोन वर्षे पैसा खर्चला तो तिसऱ्या वर्षी शेजारच्या गावात नोकरी धरतो आणि शिकवलेले सगळे दारातून बाहेर जाते. चेंडू निदान कपाटात तरी राहतात! एका शाळेच्या वहीतून पाहिले तर हे नुकसानच आहे. एकाऐवजी सगळ्या शिक्षकांना तयार करणे आणि नव्याने येणाऱ्याला जुन्याबरोबर उभे करणे, एवढे शाळा करू शकते; पण गळती पूर्ण थांबत नाही. मात्र वही बदला. तोच शिक्षक शेजारच्या गावातल्या मुलांना शिकवतो, म्हणजे देशाच्या दृष्टीने गुंतवणूक जागेवरच आहे. शिक्षक घडवण्याचा खर्च एकट्या शाळेला परवडत नाही, पण दहा-बारा शाळांच्या समूहाला परवडतो. 2010 मध्ये मोडलेल्या जाळ्याचे हेच तर बळ होते. ते जाळे निर्दोष नव्हते, त्यात बैठका आणि अहवालांचा भार होता. पण जो खर्च शाळेच्या पातळीवर वेडगळपणाचा ठरतो तो समूहाच्या पातळीवर शहाणपणाचा होतो, हे त्याच्या रचनेतच होते. जून 2025 मध्ये ब्रिटिश सरकारने शाळांच्या क्रीडा भागीदारीचे जाळे नव्याने उभारण्याची घोषणा केली. पंधरा वर्षांनी गाडी त्याच फलाटावर.

तिसरा आक्षेप हिशेबाचा. सार्वजनिक पैसा आहे, त्याची मोजदाद नको का? हवीच. म्हणूनच तिथल्या शाळांना दरवर्षी 31 जुलैपर्यंत आपल्या संकेतस्थळावर निधी किती मिळाला, कशावर खर्च झाला, त्याचा परिणाम काय आणि तो कसा टिकेल, हे जाहीर करावे लागते; पोहण्यात सहावीची किती टक्के मुले तयार झाली हेही. नागरिकाला कुठल्याही शाळेचा तक्ता उघडून बघता येतो, ही गोष्ट आपण हेवा करावी अशीच आहे. पण तक्त्यालाही स्वतःची आवड असते. रकमेच्या रकान्यात करार, साहित्य, बसभाडे हे चटकन बसते. परिणामाच्या रकान्यात ‘मुलांचा उत्साह वाढला’, ‘सहभाग सुधारला’ अशी वाक्ये येतात आणि ती खोटी नसली तरी त्यांवरून काही कळत नाही. एखाद्या शिक्षिकेला पूर्वी जिम्नॅस्टिक्सचा तास घ्यायची भीती वाटायची आणि आता वाटत नाही, ही वर्षातली सगळ्यात मोठी कमाई असू शकते. तिची पावती मिळत नाही. जिची पावती मिळते त्यावर खर्च करण्याकडे मग नकळत कल होतो.

सूत्राविषयीही एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण तिच्याबद्दल फारशी तक्रार ऐकू येत नाही. हे सूत्र गरिबी पाहत नाही. 17 मुलांच्या खेडेगावातल्या शाळेला 16,170 पौंड, म्हणजे मुलामागे साडेनऊशेहून अधिक. 360 मुलांच्या शहरी शाळेला 19,600, म्हणजे मुलामागे 54. ती शहरी शाळा सुखवस्तू वस्तीत असो की जिथे मुलांना खेळायला अंगणही नाही अशा उंच इमारतींच्या वस्तीत, आकडा तोच. इंग्लंडमधल्या मुलांची वजने शाळाप्रवेशाच्या वर्षी आणि सहावीत मोजली जातात. सुरुवातीला दहातले साधारण एक मूल लठ्ठ असते, सहावीपर्यंत हे प्रमाण पाचात एकाहून वर जाते, आणि सर्वांत गरीब वस्त्यांत ते सर्वांत श्रीमंत वस्त्यांच्या दुपटीहून अधिक असते. खेळाच्या निधीने लठ्ठपणा हटेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. घरात काय शिजते आणि दुकानात काय स्वस्त मिळते यापुढे आठवड्याचे दोन तास किती पुरणार? पण निधीचे समर्थन आरोग्याच्या नावाने करायचे आणि वाटप करताना आरोग्याचा नकाशा मिटून ठेवायचा, ही विसंगती आहे. लहान शाळेला जादा द्यावे लागते, कारण बसभाडे मुलांच्या संख्येवर ठरत नाही, हे खरे. तेवढे मान्य करूनही वस्तीच्या परिस्थितीला सूत्रात जागा देता आली असती.

पैशाशिवाय काहीच होत नाही का, या प्रश्नाला स्कॉटलंडमधल्या एका शाळेने 2012 मध्ये उत्तर दिले होते. स्टर्लिंगच्या सेंट निनियन्स प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी सगळ्या मुलांना रोज पंधरा मिनिटे बाहेर नेऊन आपापल्या चालीने धावायला किंवा चालायला लावले. गणवेश बदलायचा नाही, स्पर्धा नाही, साहित्य नाही. ‘डेली माइल’ या नावाने ती रीत देशोदेशी गेली. तिचे कौतुक करताना ती फुकट आहे असे म्हणतात, ते तितकेसे खरे नाही. त्यात शिक्षकाची रोजची पंधरा मिनिटे आणि मुख्याध्यापिकेचा ठाम निश्चय खर्च होतो, आणि या दोन्ही गोष्टींसाठी अनुदानाचे शीर्ष नसते. शिवाय रोजचे धावणे म्हणजे शारीरिक शिक्षण नव्हे. त्यात झेल नाही, तोल नाही, दुसऱ्याबरोबर खेळताना लागणारी समज नाही. पण ते वर्गशिक्षकाच्या हातात राहिले, म्हणून टिकले.

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेकडे वळताना आकडे विलक्षण लहान होतात, तर्क मात्र बदलत नाही. 2018-19 पासून समग्र शिक्षा योजनेत क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला 5,000 रुपये, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला 25,000 रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य असावे असे म्हटले आहे. शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मात्र सहावी ते आठवीच्या, तेही शंभरहून जास्त पटाच्या शाळेसाठी. पहिली ते पाचवीला जो वर्गशिक्षक आहे तोच खेळाचाही शिक्षक, आणि साठापर्यंत पट असलेल्या शाळेत असे शिक्षक दोनच. आता 5,000 रुपये साहित्याच्या शीर्षाखाली येतात म्हटल्यावर त्यांचे साहित्यच होणार. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, दरपत्रके, बिल, उपयोगिता प्रमाणपत्र आणि वर या सगळ्याला मार्चअखेरची घाई. दोऱ्या, रिंगा, एक फुटबॉल, प्लॅस्टिकची बॅट असा संच येतो आणि रजिस्टरला चढतो. ज्या वस्तूचा हिशेब द्यायचा असतो ती कपाटात सुरक्षित राहते, हे सरकारी कचेरी पाहिलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. इंग्लंडमध्ये जुलैची घाई प्रशिक्षक आणते, आपल्याकडे मार्चची घाई रबरी रिंगा आणते.

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर असे की, देशी खेळांना साहित्य लागतच नाही, मग पैसा कशाला? उत्तर अर्धे बरोबर आहे. खो-खोचा डाव बारकाईने पाहा. पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ चौकोनांत बसलेले आणि एक धावणारा. पळणाऱ्यांची तिघांची तुकडी मैदानात आणि बाकीचे बाहेर. म्हणजे अठरा मुलांत एका वेळी जेमतेम चौघे पळतात. स्पर्धेचा खेळ म्हणून तो देखणा आहे, सात वर्षांच्या मुलांच्या वर्गाला घाम आणणारा तास म्हणून तो तसाच्या तसा चालत नाही. त्याचे छोटे छोटे डाव पाडावे लागतात, चौघांत एक बसलेला असे गट करावे लागतात. लंगडी तोलासाठी आणि पायाच्या ताकदीसाठी उत्तम, पण बाद झालेले मूल बाजूला बसून राहणार असेल, तर ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज तेच सर्वांत आधी बसते. नियम थोडा वाकवून बादाला दुसऱ्या पायावर परत आत घ्यायचे, हे ज्याने कधी पाहिलेले नाही त्या शिक्षकाला आपसूक सुचत नाही. कुणीतरी त्याच्याबरोबर मैदानावर उभे राहून दाखवावे लागते.

आणि त्यासाठी लागणारा समूह आपल्याकडे मोडलेला नाही, तो कागदावर जिवंत आहे. आसपासच्या शाळांचे केंद्र, त्यावर केंद्रप्रमुख, शिक्षकांना एकत्र आणणारी शिक्षण परिषद आणि दरवर्षी होणाऱ्या केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा. केंद्रातल्या दहा प्राथमिक शाळांचे 5,000 एकत्र केले तर 50,000 रुपये होतात. परिसरातल्या हायस्कूलच्या क्रीडाशिक्षकाला वर्षभर ठरावीक दुपारी या शाळांत फिरवून त्याचे मानधन आणि प्रवासखर्च त्यातून बऱ्यापैकी निघेल, वर शिवून घेतलेल्या कापडी गोट्याही येतील. आज तसे करता येत नाही, कारण अनुदान साहित्याचे आहे, शाळानिहाय आहे आणि त्याचा हिशेबही शाळानिहायच द्यायचा आहे.